आधी सॉकेट, मग स्टेज

प्रश्न विचारणारा मुलगा गडहिंग्लज भागातला, चोवीस वर्षांचा. सात महिन्यांपूर्वी उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला, दोन महिन्यांपूर्वी कृत्रिम पाय बसला. अपघाताआधी तो गणेशोत्सवात निवेदन करायचा, नकला करायचा. आता मंडळातली पोरं म्हणतायत, "यंदा स्टेजवर ये, पायावरच विनोद कर, लोक डोक्यावर घेतील." त्याने तीन गोष्टी विचारल्यात : जावं का, तास-दीड तास उभं कसं राहायचं, आणि लोक हसायच्या ऐवजी रडायला लागले तर काय करायचं.

मित्रा, तू मला 'दादा' म्हणून लिहिलंस, म्हणून मीही एकेरीवरच येतो. माझा डावा पाय गुडघ्याखालून गेला त्याला आता १६ वर्षं झाली. उसाचा हंगाम होता, रात्रीची वेळ. जयसिंगपूरहून कोल्हापूरला मोटरसायकलवर येत होतो आणि रस्त्याच्या कडेला उसाची भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. तेव्हा मी पतसंस्थेत नोकरीला होतो आणि संध्याकाळी हौशी नाटकात काम करायचो. पाय गेल्यावर दोन वर्षं स्टेजकडे फिरकलो नाही. त्यानंतर एकपात्री कार्यक्रम, व्याख्यानमाला, शाळा-कॉलेजं, गावच्या यात्रा असं करत आलो. करवीर, राधानगरी, शिरोळ, कागल या तालुक्यांत मी ज्यांच्या देवळासमोर उभा राहिलो नाही अशी गावं थोडीच उरली असतील. त्यामुळे जे लिहितोय ते अंगावर घेतलेलं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : जा. पण यंदाच्या गणपतीत नको, आणि पोरं सांगतायत त्या पद्धतीने तर कधीच नको.

यंदा का नको ते आधी सांगतो. तुझ्या मनाची तयारी झाली असेल, तुझ्या स्टंपची, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागाची, झालेली नाही. ऑपरेशननंतरचं पहिलं वर्षभर, काहींना दीड वर्ष, स्टंप आकार बदलत राहतो. सूज उतरते, न वापरलेले स्नायू आटतात, आणि जो सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा वरचा कप, दोन महिन्यांपूर्वी घट्ट बसला होता तो हळूहळू सैल पडतो. मग स्टंपवर चढवायचे मोजे वाढवावे लागतात. मोज्यांवर मोजे चढायला लागले की समजायचं, सॉकेट बदलायची वेळ आली. या काळात तासभर स्टेजवर उभं राहून, वळून, नकला करून एकदा जखम झाली, की पुढचे तीन-चार आठवडे पाय घालता येत नाही. मी ही चूक केली आहे. सहा मिनिटांच्या टाळ्यांसाठी महिनाभर कुबडीवर होतो.

दुसरं असं, की आपले कार्यक्रम रात्री नऊला म्हणून सांगतात आणि दहाला सुरू होतात. स्टंपची ती सगळ्यात वाईट वेळ. सकाळी घातलेला पाय दिवसभर अंगावर असला की दाबाने स्टंपमधलं पाणी वर सरकतं आणि संध्याकाळपर्यंत तो बारीक होतो. मग तू सॉकेटमध्ये खाली बसायला लागतोस, गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या काठाला रुतायला लागतं, टोकाला ठणका सुरू होतो. लोकांना वाटतं, कलाकार थकला. थकवा नसतो तो, एक मोजा कमी पडलेला असतो.

म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी मी दुपारी दोन तास पाय काढून ठेवतो आणि सरळ झोपतो. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, हे तुला दवाखान्यात सांगितलं असेल. नसेल तर आता ऐक. उशी घेऊन बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे सरळच होत नाही. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर उभं राहणंच अवघड, मग अभिनय कुठला. दोन तासांनी पाय परत घालायला गेलं की आधी घट्ट लागतो, कारण मोकळा ठेवल्यावर स्टंप थोडा फुगतो. त्यामुळे कार्यक्रमाच्या तासभर आधी पाय घालून मंडपात फिरत राहायचं, तो बसू द्यायचा. झब्ब्याच्या डाव्या खिशात एक पदरी दोन मोजे आणि तीन पदरी एक, असे कायम असतात. मध्यंतरात विंगेत खुर्चीवर बसायचं, लायनरला सॉकेटमध्ये अडकवणारी पिन सोडायची, लायनर, म्हणजे स्टंपवरचं मऊ आवरण, उतरवून आतला घाम कोरड्या फडक्याने पुसायचा, एक पदरी मोजा वाढवायचा, परत उभं राहून पिन 'टक् टक्' वाजेपर्यंत वजन द्यायचं. चार मिनिटांचं काम. या चार मिनिटांत कुणी फोटो काढायला, सत्काराची शाल द्यायला किंवा ओळख करून घ्यायला विंगेत आलं तर हात जोडून बाहेर पाठवायचं. मी सगळ्या आयोजकांना हे आधीच सांगून ठेवतो.

रात्री घरी गेल्यावर स्टंप धुवायचा, सकाळी नाही. ओल्या कातडीवर सॉकेट चढवला की ती सोलवटते. आरशात बघायचं. लाल खूण दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. राहिली तर दुसऱ्या दिवशी आराम, आणि परत परत राहिली तर प्रॉस्थेटिस्टकडे, म्हणजे कृत्रिम पाय बनवून बसवणाऱ्याकडे. लायनर रोज साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवायचा. हे सगळं विनोदाच्या प्रश्नाच्या आधी लिहितोय याचं कारण आहे. ज्याचा पाय टोचतोय त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं, आणि प्रेक्षक एकदा चेहरा वाचायला लागला की तो हसत नाही.

आता एक गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. आपल्याकडे प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात दीपप्रज्वलनाने होते आणि त्याआधी माईकवरून सांगतात, "पाहुण्यांना विनंती, पादत्राणे काढून यावे." तुझा पाय कोणत्या प्रकारचा आहे ते बघ. बुटाच्या टाचेचा हिशोब धरून पाय जुळवलेला असेल, तर बूट काढल्याबरोबर टाच खाली जाते, नडगी मागे झुकते, गुडघा मागे ढकलला जातो. सपाट जागेवर असूनही चढावर उभं राहिल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा हे माझ्या बाबतीत झालं तेव्हा हातात पेटलेली मेणबत्ती होती आणि समोर समई. तोल सावरायला मी शेजारच्या सरपंचांचा खांदा धरला, आणि सगळा मंडप 'अरेरे' म्हणून उठला. कार्यक्रम तिथेच अर्धा संपला. मग उपाय शोधला. कॉर्कचा टाचेएवढा पाचरीसारखा तुकडा कापून तो मोज्याच्या आत टाचेखाली ठेवायचा. बूट काढला तरी उंची तीच राहते. जयपूर फूट असेल तर हा त्रास कमी, कारण तो मुळात अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या, शेतात जाणाऱ्या माणसासाठीच घडवला गेला. १९६८ साली जयपूरमध्ये रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो तयार केला. आपल्या देशातल्या जमिनीला ओळखणारा पाय आहे तो.

आणि कोल्हापुरी चपलेचं काय, हेही तू विचारणारच. इथल्या कलाकाराला पायात करकरणारी कोल्हापुरी हवीच असते. अडचण अशी की कृत्रिम पायाचा अंगठा चपलेचा अंगठा पकडत नाही, आणि चप्पल मागून सुटते. मी एका चर्मकार काकांकडून माझ्या मापाची जोडी करून घेतली. त्यांनी डाव्या चपलेला मागून बारीक पट्टा शिवला, तो धोतराच्या किंवा पायजम्याच्या आत झाकला जातो. त्यांनी मला अर्धा तास दुकानात इकडून तिकडे चालायला लावलं, दोनदा पट्टा उसवला आणि परत शिवला. दोन्ही चपलांचा आवाज सारखा येईपर्यंत सोडलं नाही. ती जोडी घालून मी स्टेजवर पहिलं पाऊल टाकतो तेव्हा आजही त्यांची आठवण येते.

उभं राहण्याबद्दल. गुडघ्याखालून पाय गेलेल्या माणसाला तेवढंच अंतर चालायला साधारण पाव पट जास्त श्रम पडतात, गुडघ्याच्या वरून पाय गेला असेल तर त्याहून बरेच जास्त. तेव्हा दीड तास उभं राहण्याचा हट्ट धरू नकोस. कार्यक्रम असा बांध की वीस मिनिटं उभं, दहा मिनिटं बसून. मी उंच स्टूल मागतो, ज्यावर अर्धं टेकता येतं. बुटक्या प्लास्टिकच्या खुर्चीतून उठताना सगळी मेहनत दिसते. बसून सांगायचे प्रसंगच वेगळे लिहिले आहेत : एसटीतला, दवाखान्याच्या बाकावरचा, सलूनमधला. बसणं ही तडजोड आहे असं मनातून काढून टाक. सारा बर्नहार्ट ही फ्रान्सची मोठी नटी. १९१५ साली, सत्तरी ओलांडल्यावर, तिचा पाय मांडीतून काढावा लागला. ज्या वर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, पूर्ण झालं, तेच हे वर्ष. तिने कृत्रिम पाय वापरला नाही. खुर्चीतून उचलून नेत असत, आणि बसून करता येतील अशा भूमिका ती करत राहिली, युद्धाच्या आघाडीवर सैनिकांसमोरसुद्धा. आपल्याकडे सुधा चंद्रन यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे : १९८१ च्या बस अपघातानंतर पाय गेला, जयपूर फूट लावून त्या १९८४ मध्ये परत भरतनाट्यमच्या मंचावर आल्या. दोघींनी दोन वेगळे रस्ते धरले. एकीने शरीराला नवा पाय शिकवला, दुसरीने भूमिकाच खुर्चीवर आणली. तुला कोणता जमतो ते तुझा स्टंप सांगेल.

केशवराव भोसले नाट्यगृहाचं नाव निघालं म्हणून. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते जळालं तेव्हा मी रस्त्यावर उभा राहून रडलो. पाय गेल्यानंतरचा माझा पहिला मोठा प्रयोग तिथला. विंगेतून मंचाच्या मध्यापर्यंत अकरा पावलं, मी दुपारी मोजून ठेवली होती. तूही प्रत्येक ठिकाणी मोज. गावात स्टेज म्हणजे कधी पाण्याच्या टाकीजवळचा कट्टा, कधी ट्रॉलीच, कधी बाकं जोडून त्यावर फळ्या. वर सतरंजी. सतरंजीची दुमडलेली कड आणि माईकची वायर हे आपले खरे शत्रू, कारण कृत्रिम पायाला खाली काय आहे ते कळत नाही. मी साउंडवाल्याला चहा पाजून सगळ्या वायरी एका बाजूने घ्यायला लावतो. पायऱ्यांना कठडा नसेल तर कठड्याच्या जागी एक माणूस उभा करायचा, त्याने हात धरायचा नाही, फक्त खांदा द्यायचा. आणि पडायला शीक. खरंच सांगतो. घरी गादीवर, बाजूला वळून, हात न टेकता. पडल्यावर उठून पुढचं वाक्य शांतपणे म्हणता आलं, तर लोक पडणं विसरतात.

आता मुद्द्याचं. पायावर विनोद.

सुरुवातीला मीही तेच केलं, जे तुझी मित्रमंडळी सुचवतायत. स्वतःला 'दीडपाया' म्हणायचो. नाव सांगायच्या आधी तो शब्द टाकायचो आणि मंडप हसायचा. हमखास जागा होती ती. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात असाच कार्यक्रम झाला. पुढच्या वर्षी त्याच गावाने परत बोलावलं. संध्याकाळी पोचलो तर झब्ब्याची बाही उसवली होती, म्हणून आयोजकांनी मला गावातल्या शिंप्याकडे नेलं. त्यांचा एक पाय लहानपणी पोलिओने गेलेला. त्यांनी बाही शिवली, दोरा दातांनी तोडला, पैसे घेतले नाहीत. मग म्हणाले, "सर, मागल्या साली तुमचा कार्यक्रम झाला, तवापास्नं पोरं मला दीडपाया म्हणत्यात. आधी नावानं हाक मारायची." आवाजात राग नव्हता. झब्बा नीट घडी करून माझ्या हातात दिला.

त्या रात्री मी तो शब्द वापरला नाही, त्यानंतर कधीच वापरला नाही. पण त्या गावातून तो परत आणता आला नाही. मी मोटारीत बसून घरी आलो होतो, आणि शब्द तिथेच राहिला होता, एका माणसाच्या अंगाला चिकटून, जो कधी स्टेजवर आला नव्हता आणि ज्याने कुणाकडून टाळी मागितली नव्हती. तू स्वतःवर केलेला विनोद तुझ्यापुरता राहत नाही. मंडपात दोनशे माणसं असतील तर त्यांच्या दोनशे घरांच्या आसपास कुणीतरी तुझ्या-माझ्यासारखं असतंच. तू त्यांच्या वतीनेही बोलत असतोस, तुला हवं असो वा नसो.

मग विनोद करायचा कशावर? माणसांवर, पण प्रेमाने. आपल्या पायाकडे बघून माणसं जे वागतात, जे बोलतात, त्यात इतकं निरागस आणि खरं असतं की वेगळं काही रचावं लागत नाही. माझ्या कार्यक्रमातला सगळ्यात जुना प्रसंग उलगडून सांगतो. एसटीत खिडकीशी एक आजी बसलेली. माझा पायजमा वर सरकलाय, आतला पाइप दिसतोय. आजी बराच वेळ बघते. मग विचारते, "पाय कुठं गेला रं बाळा?" मी म्हणतो, "आजी, अपघातात गेला." आजी गप्प. पिशवी उघडते, शेंगदाण्याचा लाडू काढते, माझ्या हातावर ठेवते आणि म्हणते, "माझा नातू बी असाच... काय ना काय हरवून येतोय."

हे वाचताना तुला हसू आलं असेल, पण स्टेजवर ते कसं घडतं ते बघ. 'असाच' या शब्दानंतर मी थांबतो. त्या थांबण्यात सगळा मंडप श्वास धरतो, कारण त्यांना वाटतं की आजीच्या नातवाचाही पाय गेलाय. पुढचं वाक्य आलं की तो धरलेला श्वास एकदम सुटतो. हशा त्या सुटण्याचा असतो. घाई केली तर श्वास धरलाच जात नाही. जास्त थांबलो तर लोक दुःखात उतरतात आणि परत वर येत नाहीत. माझ्या मापाने दीड सेकंद. आणि लाडू काढण्याची नक्कल सावकाश करायची, पिशवीची गाठ, आतली दुसरी पिशवी, तिच्यातला डबा. लोक आपापल्या आजीला ओळखतात. या प्रसंगात कुणीही लहान होत नाही; आजी नाही, मी नाही, पाय नसलेला दुसरा कुणी नाही. हेच माप लाव प्रत्येक विनोदाला. तुझ्या शेजारी तो शिंपी बसलाय असं समज आणि मग वाक्य म्हण.

पायाचा उल्लेख कधी करायचा, हेही महत्त्वाचं. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि वग. गणाशिवाय पुढचं काही सुरू होत नाही आणि गण कुणी तासभर लांबवत नाही. पाय हा आपल्या कार्यक्रमाचा गण आहे. पहिल्या तीन मिनिटांत सरळ सांगून टाकायचं : पाय नाही, असा गेला, हा नवा आहे, दुखत नाहीये, आता पुढे चला. न सांगता सुरुवात केलीस तर लोक तुझं ऐकत नाहीत, तुझी चाल बघत बसतात आणि एकमेकांच्या कानात विचारतात. आणि सांगून झाल्यावर त्यावरच रेंगाळलास तर त्यांना वाटतं, याच्याकडे दुसरं सांगण्यासारखं काही नाही. माझ्या दीड तासात पायाचे प्रसंग मिळून वीस मिनिटंही नसतील. बाकी पतसंस्थेची वसुली आहे, लग्नातली पंगत आहे, तालमीतले वस्ताद आहेत, रंकाळ्यावर फिरायला येणारी निवृत्त मंडळी आहेत. तू नकला करायचास ना? त्याच कर. त्या तुझ्या पायात नव्हत्या.

लोक रडायला लागले तर, हा तुझा तिसरा प्रश्न. बहुतेक वेळा त्यांना रडवतो तो निवेदक. "नियतीने ज्यांचा पाय हिरावून घेतला, पण जिद्द हिरावू शकली नाही..." अशी ओळख झाली, मागे कुणी बासरी लावली, की तू स्टेजवर येईपर्यंत पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्याला लावलेला असतो. तिथून त्यांना हशापर्यंत न्यायला अर्धा तास जातो. तू स्वतः निवेदन केलेलं आहेस, त्यामुळे तुला कळेल. आपली ओळख आपण लिहायची, चार ओळींची, आणि निवेदकाच्या हातात कागद द्यायचा. माझ्या कागदावर नाव, गाव, पूर्वीची नोकरी आणि आजच्या कार्यक्रमात काय ऐकायला मिळेल एवढंच असतं. 'अपंग' लिहायचं की 'दिव्यांग' यावर लोक भांडतात. मला दोन्ही चालतात, फक्त माझ्या नावानंतर यावेत.

पण कधी कधी खरंच कुणीतरी रडतं, आणि त्या माणसाचं रडणं कार्यक्रमाबद्दल नसतं. त्याच्या घरात कुणाचा तरी पाय नुकताच गेलेला असतो. अशा वेळी विनोद पुढे रेटायचा नाही. थांबायचं, पाणी प्यायचं, त्या दिशेला बघून मान हलवायची आणि पुढचा प्रसंग पायाचा नसलेला घ्यायचा. संपल्यावर त्या माणसाला शोधायचं. मला असे खूप लोक भेटले, आणि त्यांतल्या बऱ्याच घरांत अपघात झालेला नव्हता, साखर होती. मधुमेहात तळव्याची जाणीव जाते, खडा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते आणि पाय जातो. म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत मी विनोद बाजूला ठेवून सांगतो की ज्यांना साखर आहे त्यांनी रोज रात्री तळवे आरशात बघा, अनवाणी शेतात जाऊ नका, फोड आला तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जा. ही दोन मिनिटं कुणी कापायला सांगितली तर मी कार्यक्रम घेत नाही.

वॉर्डातही जातो मी, पाय काढायचं ठरलंय अशा माणसांना भेटायला. तिथे विनोद नाही. तिथे फक्त पायजमा वर करून पाय दाखवायचा, खुर्चीवर बसायचं आणि तो विचारेल त्याचं खरं उत्तर द्यायचं. बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो संडासाला कसं बसता हा. त्याचं उत्तर नीट, पूर्ण द्यायचं.

फँटम पेनबद्दल तू लिहिलं नाहीस, पण तुला होत असणार. नसलेल्या पायाच्या बोटांना पेटके येतात, तळवा खाजतो. खोटं नाही ते, मनाचे खेळ नाहीत. मेंदूत त्या पायाचा नकाशा अजून जागा आहे. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात आरशाचा उपाय पुढे आणला : चांगल्या पायासमोर आरसा असा ठेवायचा की त्याचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल, आणि मग तो पाय सावकाश हलवायचा. मला त्याने फरक पडला, सगळ्यांना पडतोच असं नाही. ताण आला की हे दुखणं उसळतं, म्हणजे नेमकं पडदा वर जाताना. स्टेजवर कळ आली तर मी टाच जमिनीवर दाबतो, सॉकेटमध्ये वजन देतो, आणि नसलेली बोटं मनातल्या मनात उघडतो-मिटतो. दहा-बारा सेकंदांत उतरते. तेवढ्यासाठी कार्यक्रमात पाणी पिण्याच्या तीन जागा ठरवून ठेवल्या आहेत. रात्री दुखणं सोसवत नसेल तर डॉक्टरांना सांग. त्यावर औषधं आहेत, दात-ओठ खाऊन सोसण्यात शौर्य नाही.

पैशाचं थोडक्यात. मानधन घे. शाल, श्रीफळ आणि 'तुमच्यामुळे प्रेरणा मिळाली' यावर तुझा पुढचा सॉकेट होणार नाही. प्रवास, मानधन, उंच स्टूल, पायऱ्यांपाशी माणूस, हे सगळं तारीख देतानाच बोलून घ्यायचं. मी सुरुवातीला संकोच करायचो, वाटायचं लोक म्हणतील पाय दाखवून पैसे मागतो. आपण पाय दाखवत नाही, दीड तासाचा बांधलेला कार्यक्रम देतो.

आणि एकटा पडू नकोस. कोल्हापूर या बाबतीत भाग्यवान गाव आहे. नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवर असताना १९८४ साली इथे 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. दयेचा सूर न लावता कामाला लागलेली माणसं मी त्यांच्याकडेच पहिल्यांदा पाहिली, आणि माझ्या बोलण्यातला रडका सूर त्यानंतर गेला.

सुरुवात शाळेपासून कर. मोठ्या माणसांसमोर जायच्या आधी चौथी-पाचवीच्या वर्गात जा. मुलं पाय हातात घेऊन बघतात, ठोकून बघतात, आणि जे कुणी विचारत नाही ते विचारतात. एका मुलीने मला विचारलं होतं, "रात्री पाय कुठं ठेवता?" मी म्हटलं, "पलंगाखाली, चपलेशेजारी." ती म्हणाली, "मग चप्पल कशाला काढता, तशीच राहू द्या की." वर्ग हसला, मी हसलो, ती पण हसली. त्या दिवसापासून मी चप्पल तशीच ठेवतो, सकाळची पाच मिनिटं वाचतात.

तोपर्यंत घरी सात मिनिटांचा एक प्रसंग लिही. पायाचा नको, गडहिंग्लजच्या बाजारातला लिही. आईला स्वयंपाकघरात म्हणून दाखव, उभ्याने. ती हातातलं काम थांबवून वळून बघेल त्या वाक्यावर खूण कर. दिवाळीनंतर नवीन सॉकेट झाला की मला कळव. पहिला कार्यक्रम तुझ्याच मंडळात, पुढच्या गणपतीत करू. मी समोर बसणार नाही, विंगेत थांबेन. मध्यंतरात आत आलास की खुर्ची मांडलेली असेल, आणि जादा मोजे माझ्या डाव्या खिशात असतील.